फाळाखालचा थर : चाकण पट्ट्यातला मका आणि मशागत

मृद आरोग्य पत्रिकेवर बारा आकडे असतात. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन ही पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१५ मध्ये ही योजना सुरू केली. पत्रिका उपयोगाची आहे, खताच्या मात्रा तिच्यावरून ठरवाव्यात, यात शंका नाही. पण चाकणच्या आसपासच्या शिवारात मक्याला जे सर्वांत जास्त नडते आहे असे मला वाटते, ते या बारा आकड्यांत कुठेच येत नाही. माती किती घट्ट आहे, पाणी तिच्यात किती वेळात मुरते, ढेकूळ पाण्यात टिकते की विरघळते, हे पत्रिका सांगत नाही. माती परीक्षणासाठी आपण नमुना घेतो तो वरच्या वीतभर थरातला, आणि तोही कुटून, चाळून. मातीची घडण मोडल्यावरच ती प्रयोगशाळेत जाते.

त्या घडणीचे काय झाले आहे, ते मका ऑगस्टमध्ये दाखवतो. चार दिवस झड लागली की सरीत पाणी साचते आणि खालची पाने पिवळी पडतात. त्याच वावरात पावसाने आठ दिवस ओढ दिली की भर दुपारी पानांच्या सुरळ्या होतात. एकाच रानाला पाणी जास्तही होते आणि कमीही पडते. याचे कारण बहुतेक वेळा पाच ते आठ इंचांवर सापडते. तिथे एक घट्ट थर बसलेला असतो. पाणी त्याच्यावर अडते, म्हणून वरची माती चिबड होते. मुळे त्याच्यावर अडतात, म्हणून खालची ओल असूनही पिकाला मिळत नाही. मोकळ्या जमिनीत मक्याची मुळे दीड मीटरपर्यंत उतरू शकतात. या थरावर आली की ती आडवी वळतात. कणसे काढल्यावर ताट उपटून पाहिले तर खाली झाडूसारखा झुपका दिसायला हवा. त्याऐवजी तळ कापल्यासारखी सपाट चकती हाती येते.

हा थर आपोआप तयार झालेला नाही. दरवर्षी एकाच खोलीवर चालणारे अवजार तो तयार करते. पलटी नांगराचा फाळ तळाची ओली माती घासत, दाबत जातो. रोटाव्हेटरची पाती त्याहून वरच्या थरात तेच काम करतात: वर माती पिठासारखी करतात आणि खाली लिंपून ठेवतात. त्यावर ट्रॅक्टरचे वजन. पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर अवजारासकट दोन-अडीच टनांच्या घरात जातो. वाफसा आलेला असताना तो चालला तर जमीन बरेचसे सोसते. ओल जास्त असताना चालला तर त्या एका फेरीची घट्ट पट्टी पुढचे हंगाम भोगत राहतात.

वाफसा सांभाळणे हेच आज इथे सर्वांत अवघड झाले आहे, आणि त्याचे कारण शेतीबाहेर आहे. चाकण, महाळुंगे, खालुंब्रे, निघोजे, कुरुळी, मोशी, चिखली या पट्ट्यात घरटी एखादा माणूस तरी कंपनीत आहे. पहिली, दुसरी, तिसरी पाळी सांभाळून जो शेती करतो, त्याच्या हाती सुट्टीचा एक दिवस असतो. बैल कधीच विकले गेलेत. ट्रॅक्टर भाड्याचा, त्याचा नंबर लागेल तेव्हा तो येणार, आणि आला की सगळे एका दमात उरकून घ्यायचे. रोटाव्हेटर या गरजेला चपखल बसला. एका फेरीत रान काळेभोर, भुसभुशीत, पेरणीला तयार दिसते. शेतकऱ्याला आळशी किंवा अडाणी ठरवणारे लोक हा वेळेचा हिशेब कधीच मांडत नाहीत.

जमिनीचे तुकडे होण्याचा इतिहासही इथलाच आहे. पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाचा घरोघरी आणि गट-गट फिरून अभ्यास केला आणि तो १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दख्खनच्या एका खेड्याची इतकी बारीक पाहणी तोवर झालेली नव्हती. १७७१ मध्ये तिथे खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १९१४-१५ मध्ये ती ७ एकरांवर आली. १५६ मालकांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली होती आणि त्यांतले ४६३ तुकडे एका एकरापेक्षा लहान होते. आज पिंपळे सौदागरमध्ये सोसायट्यांचे मनोरे आहेत आणि मॅनने मोजलेली माती त्यांच्या पायाखाली गेली. पण उत्तरेला खेड तालुक्यात तुकड्यांची ती गोष्ट चालूच आहे. वीस-पंचवीस गुंठ्यांच्या पट्टीत ट्रॅक्टर वळवायला जागा लागते, आणि दर वेळी तो त्याच कडेला वळतो. अशा पट्टीच्या दोन्ही टोकांचा मका मधल्यापेक्षा ठेंगणा दिसतो. बांधाच्या सावलीला दोष देण्याआधी तिथे कुदळ मारून पाहावी.

खोल नांगरटीचा आग्रह आपल्याकडे आला कुठून, हेही नीट समजून घेतले पाहिजे, कारण तो मूर्खपणातून आलेला नव्हता. दख्खनच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा यांनी रान धरले की लाकडी नांगराला सहा-आठ बैल जुंपूनही ते निघत नसे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असे समजून शेतकरी तो घेईनात. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि नांगर महाराष्ट्रभर गेला. हरळीने गिळलेली हजारो एकर जमीन त्या नांगराने लागवडीखाली आणली. ते काम मोठे होते.

पण त्याच काळातले शास्त्रज्ञ दरवर्षी खोल नांगरा असे म्हणत नव्हते. मांजरीला १९२३ मध्ये आणि सोलापूरला १९३३ मध्ये कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. त्यातून जी मुंबई पद्धत म्हणून ओळखली गेली, तिच्यात बांधबंदिस्ती, तीन वर्षांतून एकदा नांगरट, बाकी वर्षी कुळवाच्या उथळ पाळ्या, रुंद ओळी आणि वेळेवर कोळपणी असा मेळ होता. त्याआधीचा शेतकरी तरी काय करत होता? भारी काळ्या रानात कुळवच फिरवत होता. नांगर सहसा तीन-चार वर्षांनी निघे. उन्हाळ्यात या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची माती त्यांत पडते, पाऊस आला की चिकणमाती फुगते आणि भेगा मिटतात. जमीन अशी स्वतःच उलथून निघते. दरवर्षीची नांगरट हा रिवाज ट्रॅक्टरबरोबर आला, परंपरेतून आलेला नाही.

इथे एक बदल मात्र लक्षात घ्यायला हवा. चासकमान आणि भामा आसखेड धरणांचे पाणी, विहिरी, बोअर आणि ठिबक यांमुळे खेडच्या पूर्व भागातली बरीच जमीन आता उन्हाळ्यातही कोरडी पडत नाही. मका, मग कांदा, मग पुन्हा चाऱ्याचा मका. माती सुकलीच नाही तर भेगा पडणार कशा? जी दुरुस्ती काळी जमीन फुकट करून घेत होती ती थांबली, आणि फाळाखालचा थर तसाच राहिला. तालुक्याच्या पश्चिमेकडच्या उतारावरल्या मुरमाड, हलक्या रानाला तर ही सोय कधीच नव्हती. तिथे चिकणमातीच कमी, त्यामुळे एकदा दाबलेली माती दाबलेलीच राहते.

मशागतीने मातीच्या आत काय होते ते आता पाहू. चांगल्या मातीचे कण सुटे नसतात. मुळांचे चिकट स्राव, बुरशीचे तंतू आणि गांडुळांची विष्ठा त्यांना सांधून ज्वारीच्या दाण्याएवढ्या कणोळ्या बनवतात. कणोळ्यांच्या मधल्या पोकळीतून पाणी आणि हवा खेळते, आणि कणोळीच्या पोटात सेंद्रिय पदार्थ जिवाणूंपासून झाकलेला राहतो. रोटाव्हेटर ही कणोळी फोडतो. झाकलेला कर्ब उघडा पडतो, हवा मिळते, जिवाणू तुटून पडतात आणि तो कर्बवायू होऊन उडून जातो. त्या वेळी नत्र मोकळे होते, म्हणून नांगरलेल्या रानातले पीक पहिल्या महिन्यात काळेशार दिसते. या हिरवेपणाने आपल्याला फार फसवले आहे. शिलकीतला पैसा मोडून केलेला तो खर्च असतो.

फुटलेल्या कणोळ्यांची भुकटी पहिल्या वळवाच्या सरीने वरच बसते आणि तिची पापडी धरते. पाच सेंटीमीटर खोल टाकलेल्या मक्याच्या कोंबाला ती फोडावी लागते. कित्येक कोंब तिच्याखालीच वाकडे होऊन सडतात आणि नांग्या पडतात. पापडीवरून पाणी मुरण्याऐवजी पळते आणि वरची सुपीक माती घेऊन ओढ्याला, ओढ्यातून इंद्रायणी-भीमेला जाते. ऑगस्टमध्ये नदीला येणारा तो गढूळ लोंढा म्हणजे आपण उन्हाळ्यात बारीक केलेली मातीच असते.

बुरशीचे नुकसान याहून कमी दिसणारे, पण मक्याच्या बाबतीत महत्त्वाचे आहे. मक्याच्या मुळांवर मायकोरायझा नावाची बुरशी वस्ती करते. तिचे तंतू मुळांना पोचता येत नाही तिथवर जाऊन स्फुरद आणतात आणि बदल्यात पिकाकडून साखर घेतात. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या प्रयोगांत दिसले की माती न हलवता पेरलेल्या मक्याची रोपे सुरुवातीला जास्त स्फुरद उचलतात, कारण मागच्या पिकाचे तंतूंचे जाळे त्यांना तयार मिळते. मशागतीने ते तुटते आणि रोपाला ते पहिल्यापासून जोडावे लागते. जून-जुलैच्या गारठ्यात कोवळ्या मक्याची पाने जांभळी पडतात, तेव्हा आपण डीएपीची आणखी एक गोणी आणतो. कित्येकदा जमिनीत स्फुरद असतो, तो आणून देणारे हातच आपण कापलेले असतात.

मातीतल्या सजीवांची किंमत पिंपरीला तरी नव्याने सांगायला नको. १९५४ मध्ये इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना उभा राहिला आणि या औद्योगिक नगरीची सुरुवात झाली. तिथल्या संशोधकांना पिंपरीच्याच मातीच्या नमुन्यात एक नवा जिवाणू सापडला. गावाच्या नावावरून त्याचे नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना ठेवले गेले आणि त्याच्यापासून हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध तयार झाले. पहिल्या पावसाच्या मृद्गंधामागे असलेले कुळ हेच, स्ट्रेप्टोमायसिस. सेंद्रिय पदार्थ कुजवणे आणि रोगकारक बुरशीला आवर घालणे हे त्याचे शेतातले काम. ज्या मातीतून माणसाचे औषध निघाले, तिला आपण नुसता पिकाचा आधार समजून दळत राहतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मग नांगर टाकूनच द्यावा का? जगात हा प्रयोग मक्यावरच सर्वाधिक झाला आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेच्या मैदानी राज्यांत नांगरलेली माती वाऱ्यावर उडून आकाश काळे झाले, त्यानंतर नांगराबद्दल प्रश्न विचारले जाऊ लागले. केंटकीमध्ये हॅरी यंग या शेतकऱ्याने १९६२ मध्ये एक एकराहून लहान तुकड्यात नांगरणीशिवाय मका पेरला, आणि त्याच वर्षी ओहायोतल्या वूस्टर इथे सुरू झालेले विना-नांगरटीचे मक्याचे प्रयोग पुढे अनेक दशके चालले. नंतर ही पद्धत ब्राझील, अर्जेंटिनात कोट्यवधी एकरांवर गेली.

त्या अनुभवातला कडू भागही सांगितलाच पाहिजे. जगभरातल्या शेकडो प्रयोगांचा एकत्र हिशेब २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसती नांगरट बंद केली तर उत्पादन सरासरी सुमारे साडेपाच टक्क्यांनी घटते आणि मक्यात ही घट साडेसात टक्क्यांच्या आसपास जाते, असे त्यात दिसले. पण नांगरट बंद करून शिवाय पिकाचे अवशेष जमिनीवर राखले आणि पीक फेरपालट केली, तर कोरडवाहू, कमी पावसाच्या भागात उत्पादन उलट सुमारे सात टक्क्यांनी वाढले. माझ्या दृष्टीने या विषयाचे सगळे मर्म इथे आहे. मशागत कमी करणे आणि जमीन झाकलेली ठेवणे हे एकच काम आहे. उघड्या जमिनीवर नांगरट थांबवली तर ती आणखी घट्ट होईल, पापडी आणखी जाड धरेल, आणि शेतकरी दोन वर्षांत वैतागून परत रोटाव्हेटर बोलावेल. बोलावलाच पाहिजे, त्याचे चूक नाही.

महाराष्ट्रात ज्यांनी हे निभावले त्यांनीही हेच सांगितले आहे. कोल्हापूरचे कृषी पदवीधर शेतकरी प्रताप चिपळूणकर यांनी भूसूक्ष्मजीवशास्त्र वाचून विना-नांगरणीची शेती केली आणि तिच्यावर मराठीत सातत्याने लिहिले. मागच्या पिकाच्या मुळांचे जाळे जागच्या जागी कुजू द्यावे, तेच सर्वांत चांगले खत, हा त्यांचा मुख्य मुद्दा. नेरळजवळच्या सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी गादीवाफ्यांची पद्धत बसवली. वाफे एकदाच करायचे. पुढे नांगरणी नाही, चिखलणी नाही, भात कापल्यावर मुळे जमिनीतच ठेवायची आणि त्याच गादीवर पुढचे पीक टोकायचे. दोघांच्याही पद्धतीत तणनाशकाचा आधार आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. आणि ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारने २०२२ मध्ये कडक निर्बंध घातले आहेत, हेही तितकेच खरे.

आता चाकण-खेडचा खरा पेच. जमीन झाकायची कशाने? इथला मका मुरघासाला जातो. खेड, आंबेगाव, शिरूर हा दुधाचा पट्टा. मंचरच्या परिसरात मोठ्या डेअऱ्या आहेत, गावोगाव गोठे आहेत. दाणा चिकात असतानाच अख्खे ताट जमिनीपासून कापून, कुट्टी करून, पिशवीत किंवा खड्ड्यात दाबले जाते. एकरी पंधरा-वीस टन हिरवा माल जातो. त्याच्या टनामागे साधारण चार ते पाच किलो नत्र आणि साडेतीन किलोच्या आसपास पालाश शेताबाहेर जाते. पंधरा टनांचा हिशेब ज्याचा त्याने करावा. उरतात ती धसकटे, आणि पुढच्या पिकाला आड येतात म्हणून तीही वेचून बांधावर पेटवली जातात. तिथे रोटाव्हेटर फिरला की जमिनीला परत द्यायला काहीच उरत नाही. म्हणून या भागात नुसत्या नांगराला झोडपणे मला पटत नाही. ज्या रानातून दरवर्षी काडी न् काडी उचलली जाते, तिथे मशागत कशीही करा, माती खंगणारच.

सेंद्रिय कर्ब वाढवणे किती जिकिरीचे आहे याचा एक ढोबळ हिशेब मांडतो. एक एकर क्षेत्रातल्या वरच्या सहा इंच मातीचे वजन सुमारे नऊ लाख किलो असते. पत्रिकेवरचा कर्ब ०.४ वरून ०.५ टक्के करायचा म्हणजे त्या मातीत ९०० किलो कर्ब टिकवायचा. वाळलेल्या मक्याच्या ताटात साधारण ४० टक्के कर्ब असतो आणि त्यातला दहा-पंधरा टक्केच अखेर मातीत स्थिरावतो, बाकीचा कुजताना उडून जातो. म्हणजे तेवढ्या वाढीसाठी अठराएक टन वाळलेली ताटे लागतील. दाण्याच्या मक्याची एकरी तीन टन ताटे धरली तर सगळीच्या सगळी ठेवूनही सहा वर्षे. तीही दरम्यान जमिनीतला जुना कर्ब मशागतीने उडाला नाही तर. एका हंगामात कर्ब दुप्पट करून देणाऱ्या बाटल्यांच्या जाहिराती वाचताना हा हिशेब जवळ ठेवावा. शिवाय विना-नांगरटीने वाढलेला कर्ब बहुतांश वरच्या दोन-तीन इंचांतच साठतो, खालच्या थरात तो फारसा वाढत नाही, हेही अलीकडच्या अभ्यासांतून दिसले आहे. पण पापडी, पाणी मुरणे आणि उगवण हे सगळे त्या वरच्या दोन इंचांतच ठरते, त्यामुळे तेवढा फायदाही मोलाचा आहे.

गोठा असलेल्या शेतकऱ्याकडे एक मार्ग उघडा आहे. मका गाईच्या पोटात गेला तरी त्यातले पोषण बऱ्याच अंशी शेणात-मुतात उतरते. ते त्याच वावरात परत आले पाहिजे. बहुधा ते गोठ्याजवळच्या रानात, ऊस किंवा भाजीपाल्याला पडते आणि मक्याचे लांबचे रान उपाशी राहते. मुरघासाची कापणी जमिनीलगत न करता वीतभर उंचावर केली तर बुडख्याचा जाड, कमी पचनाचा भाग शेतातच राहतो. चाऱ्याचे वजन थोडे घटते, पण प्रत सुधारते. धसकटे पेटवणे मात्र आजच बंद करण्यासारखे आहे. त्यांच्यासकट मुळे जागेवर कुजली की त्यांनी केलेल्या वाटा पुढच्या पिकाच्या मुळांना आणि पाण्याला आयत्या मिळतात.

मक्यामागे कांदा असला की प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. चाकण म्हणजे कांद्याची बाजारपेठ, आणि रांगड्या-उन्हाळ कांद्याची रोपे ढेकळांत लावता येत नाहीत. संपूर्ण विना-मशागत इथे बसणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पण मधला रस्ता आहे, आणि तो राजगुरूनगरलाच सापडतो. कांदा-लसूण संशोधन केंद्र १९९८ मध्ये नाशिकहून राजगुरूनगरला आले. त्यांची ठिबकवरच्या कांद्याची शिफारस १२० सेंटीमीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर उंच गादीवाफ्यांची आहे, मध्ये ४५ सेंटीमीटरची सरी. मक्याच्या दोन ओळींत ६० सेंटीमीटर अंतर लागते. म्हणजे एका गादीवर मक्याच्या दोन ओळी सहज बसतात. कांदा निघाल्यावर गादी न मोडता, नुसती वरून ओरखडून मका टोकला, तर वर्षातली एक पूर्ण मशागत वाचते, चाक नेहमी सरीतच चालते आणि गादी कधीच दाबली जात नाही. पावसाळ्यात पाणी सरीतून निघून जाते. मका गुडघ्याएवढा होईपर्यंत साचलेल्या पाण्याला फार हळवा असतो, त्याला ही गादी वाचवते. एक काळजी घ्यावी: मक्यात तणासाठी ॲट्राझिन वापरले असेल तर त्याचा अंश जमिनीत राहून कांद्याच्या रोपांना बाधू शकतो, म्हणून मात्रा आणि मधला काळ यांबाबत कृषी सहायकाला विचारूनच पुढे जावे.

लष्करी अळीचा मुद्दा इथे हमखास निघतो. २०१८ मध्ये ही अळी देशात आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली, तेव्हापासून कोष उन्हात पडून पक्ष्यांनी खावेत म्हणून उन्हाळी खोल नांगरटीचा सल्ला दिला जातो. सल्ल्यामागचे तर्कशास्त्र बरोबर आहे. पण तिचे कोष जमिनीत साधारण दोन ते आठ सेंटीमीटरवरच असतात. त्यांना उघडे पाडायला फूटभर नांगरट कशाला? कुळवाची एक पाळी पुरते. झिम्बाब्वेतल्या लहान शेतकऱ्यांच्या रानात झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तर कमी मशागतीच्या मक्यावर अळीचे नुकसान कमी दिसले. न हलवलेल्या, झाकलेल्या जमिनीत मुंग्या, कोळी, भुंगेरे असे अळीचे शत्रू टिकतात, हे त्याचे संभाव्य कारण. आपल्याकडे तसेच होईल असे त्यावरून म्हणता येणार नाही, पण खोल नांगरटीशिवाय अळी आवरणारच नाही हा समज तरी सोडून द्यावा.

घट्ट थर आधीच बसला असेल तर एकदा सबसॉयलर चालवणे योग्य ठरते. मात्र तो एप्रिल-मे महिन्यात, जमीन खोलवर सुकलेली असतानाच चालवावा. कोरड्या जमिनीत थर तडकून फुटतो. ओल्या जमिनीत सबसॉयलर लोण्यातून सुरी जावी तसा नुसती चीर पाडून जातो आणि पैसे वाया जातात. थर फोडल्यावर लगेच ताग किंवा तूर अशी खोल मुळांची पिके घेतली तर त्या फटी मुळांनी भरून उघड्या राहतात. तेही न करता पुढच्याच हंगामात रोटाव्हेटर फिरवला, तर थर पुन्हा बसतो. मक्यात तुरीचे आंतरपीक ही इथली जुनी रीत. तिच्यात कडधान्य मिळतेच, शिवाय ती जमिनीचे हे कामही करते.

हे सगळे करण्याआधी आपल्या रानाची अवस्था आपण स्वतः पाहायला हवी, आणि त्यासाठी पत्रिकेची वाट पाहायची गरज नाही. यंदाचा मका निघाल्यावर, ट्रॅक्टरवाल्याला फोन लावण्याच्या आधी, वावराच्या मध्ये आणि बांधाच्या कडेला असे दोन फूटभर खोल खड्डे घ्या. मुळे कुठे आडवी वळली आहेत ते पाहा, तिथे चाकूचे टोक खुपसून घट्टपणा अजमावा, गांडुळे मोजा. रानातले एक आणि कधीच न नांगरलेल्या बांधावरचे एक, अशी दोन वाळलेली ढेकळे पाण्याच्या दोन ग्लासांत अलगद सोडा. बांधावरचे बराच वेळ अखंड राहील. रानातले पाच मिनिटांत विरघळून तळाला चिखल झाला, तर त्या रानाला आणखी एक रोटाव्हेटरची फेरी देऊ नका. थर सापडला नाही आणि माती मोकळी असली तर नांगरटीचे पैसे वाचवा. त्या पैशांत शेणखताच्या दोन ट्रॉल्या त्या लांबच्या वावरात नेऊन टाका.

आणि कृषी विभागाला एक विनंती. मृद आरोग्य पत्रिकेच्या बारा रकान्यांशेजारी तेरावा रकाना घाला: कठीण थर किती इंचांवर लागतो. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. कृषी सहायकाच्या हातात एक कुदळ असली तरी पुरते.